बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात त्यांनी प्लॉट विकल्याचा दस्त झालाय

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

ताई, मी मूळची कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, नोकरीमुळे पुण्यात असते. बाबा उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होते. त्यांनी १९९८ साली पाचगावला अडीच गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट घेतला. २०१९ मध्ये बाबा गेले. घर बांधायचं राहिलं आणि सात-बाऱ्यावर आमची नावं लावायचीही राहिली. परवा शेजारच्या काकूंचा फोन आला, ‘अगं, प्लॉट विकलासा व्हय? तारंचं कंपाउंड घालायलेत.’ ऑनलाइन पाहिलं तर गेल्या महिन्यात बाबांच्याच नावानं खरेदीखत झालंय आणि फेरफार, म्हणजे सात-बाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद, हरकतीसाठी प्रलंबित दिसतोय. घेणारा माणूस घरी येऊन गेला. ‘मीपण फसलोय, चार लाख घ्या आणि सह्या द्या, विषय मिटवू,’ म्हणतोय. आईला चुलत दिरांच्या मुलाचा संशय आहे. भाऊ म्हणतो, तालमीतली पोरं नेऊन कंपाउंड उपटून टाकू. आई एकच म्हणते, ‘यांची सही कुणी केली तेवढं मला दाखवा.’ आम्ही आधी कुठं जायचं?

उत्तर:

ताई, फेरफाराचं वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन करून तलाठ्याकडं हरकत द्यायला सांगितलं, ती तुम्ही दिलीत आणि पोच घेतलीत. निम्मी काळजी तिथंच मिटली. तरी तो भाग पुन्हा लिहिते. रोज कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मी जी माणसं बघते, त्यातली बरीच नेमकी इथंच चुकलेली असतात. आधी पाव्हण्यांना विचारतात, मग ओळखीच्या नगरसेवकाला, मग एखाद्या एजंटाला, आणि तोवर नोंद मंजूर होऊन बसलेली असते.

दुय्यम निबंधकाकडं खरेदीखत नोंदलं गेलं की त्याची खबर आपोआप महसूल खात्याकडं जाते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार धरतात, संबंधितांना नोटीस काढतात आणि हरकतीला पंधरा दिवस ठेवतात. नोटीस निघाली ती तुमच्या बाबांच्या नावानं. घेणार कोण? हे पंधरा दिवस कुणी काही बोललं नाही तर मंडळ अधिकारी, आपल्याकडं ज्यांना सर्कल म्हणतात ते, नोंद प्रमाणित करतात आणि सात-बाऱ्यावर नवं नाव चढतं. लेखी हरकत आली की मात्र ती विवादग्रस्त नोंद होते. तिची वेगळ्या नोंदवहीत नोंद होऊन दोन्ही बाजूंची सुनावणी घ्यावीच लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये हे सगळं आहे.

हरकतीचा अर्ज एका पानाचा असावा. बाबा अमुक तारखेला वारले, मृत्यूचा दाखला सोबत जोडलाय, म्हणून अमुक तारखेचा दस्त त्यांनी करून दिलेला असूच शकत नाही, आम्ही तिघं त्यांचे वारस, नोंद मंजूर करू नये. एवढंच. त्यात चुलतभावाचं नाव घालू नका. आणि अर्ज दिल्यावर आवक नंबर आणि शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

कुणी तुम्हाला सांगेल, ‘फेरफारानं काय होतंय, मालकी थोडीच जाते?’ बोलणं खरं आहे. फेरफार सारावसुलीच्या सोयीसाठी असतो, त्यानं मालकी मिळत नाही की जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. पण त्याच संहितेचं कलम १५७ म्हणतं, की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी समजावी. सात-बाऱ्यावर नाव चढलं की त्या माणसाला बँकेच्या दारात उभं राहता येतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला कागद दाखवता येतो. तिसऱ्या-चौथ्या खरेदीदारापर्यंत जमीन गेली की तुमच्या एका दाव्यात सहा प्रतिवादी होतात. आमच्याच नात्यातल्या एका घरात हे झालंय. काका गेल्यावर अकरा वर्षं वारसनोंद केली नव्हती. खोटा दस्त झाल्याचं कळल्यावर सगळी भावकी बसून दोन महिने चर्चा करत राहिली. नोंद मंजूर झाली, जमीन पुढं विकली गेली, आणि नंतरची नऊ वर्षं काकू कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या. जमीन परत मिळाली. काकूंना ती बघायला मिळाली नाही. तेव्हापासून कुणीही दस्ताची गोष्ट सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो, हरकत दिली का?

सर्कलनी हरकत फेटाळली तर घाबरू नका. साठ दिवसांच्या आत प्रांताधिकाऱ्यांकडं अपील करता येतं. नोंदणीकृत दस्त समोर आहे म्हणून नोंद मंजूर केली, असा निकाल कधी कधी येतो, कारण दस्त खोटा की खरा हे ठरवायचा अधिकार महसुलाकडं नाही. तो दिवाणी न्यायालयाचा.

आता दस्ताकडं येते. तुम्ही ऑनलाइन पाहिली ती सूची दोन. तिच्यात नावं, रक्कम, क्षेत्र आणि तारीख एवढंच असतं. तुम्हाला हवी आहे ती पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल. ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त झाला तिथं दस्त क्रमांक आणि वर्ष घालून अर्ज करा, फी भरा, नक्कल मिळते. ती हातात आली की घाईनं पिशवीत टाकू नका. शेवटची पानं उघडा. दस्त करून देणाऱ्याचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा तिथं असतो. नोंदणी कायद्याच्या कलम ३२-अ मुळे ते घ्यावेच लागतात. म्हणजे तुमच्या बाबांच्या नावासमोर एका भलत्याच माणसाचा चेहरा छापलेला असेल. त्याच्या खाली ‘आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो’ म्हणून सह्या करणारे दोघं असतील, त्यांच्या नावापत्त्यांसकट. पोलिसांना पहिला धागा बहुतेक वेळा याच दोघांकडून मिळतो, कारण तोतयाचा पत्ता खोटा असतो आणि ओळख देणाऱ्यांचा बऱ्याचदा खरा. मग सही बघा. माझ्याकडच्या एका प्रकरणात मालक आयुष्यभर मराठीत सही करणारे, नावातला ‘ळ’ मोठा काढणारे, आणि दस्तावर झोकात केलेली इंग्रजी सही. त्या एका पानावर आम्हाला कोर्टाचा मनाई हुकूम मिळाला. बाबांच्या जुन्या सह्या शोधून ठेवा: बँकेचा फॉर्म, विम्याचे कागद, फौंड्रीतले पीएफचे कागद, आणि १९९८ चं मूळ खरेदीखत. ते मूळ खरेदीखत आईच्या कपाटात आहे असं फोनवर म्हणालात, ही मोठी जमेची बाजू आहे. ते कुणालाही, अगदी वकिलालाही, पोचपावतीशिवाय देऊ नका.

तुमच्या भावानं निबंधक कार्यालयात जाऊन ‘हा दस्त रद्द करा’ म्हणून आवाज चढवला, असं कळलं. त्याचा राग मला समजतो, पण त्या टेबलावर तो अधिकारच नाही. १९०८ चा नोंदणी कायदा दुय्यम निबंधकाला एवढंच बघायला सांगतो, की समोर आलेला माणूस तोच आहे का आणि दस्त मीच केला असं तो कबूल करतो का. जमीन त्याच्या मालकीची आहे का, हे बघायचं काम त्याचं नाही. आणि एकदा नोंदलेला दस्त निबंधक स्वतः रद्द करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सत्यपाल आनंद प्रकरणात स्पष्ट केलंय. व्यवस्थेतलं हे भोक मला अनेक वर्षं खुपतंय. वारलेल्या माणसाच्या नावानं कुणी उभं राहतं, आणि ‘हा जिवंत आहे का’ हे तपासायला त्या खिडकीवर नुसती दोन माणसांची ओळख पुरते. मृत्यूची नोंद महापालिकेत, जमिनीची महसुलात, दस्ताची निबंधकाकडं, आणि मृत्यूची खबर बाकीच्या दोन दप्तरांपर्यंत पोचतच नाही. हे बदलायला पाहिजे, आणि ते बदलेपर्यंत तुमच्यासारख्या घरांनी स्वतःच जागं राहायला लागतंय, याची मला खंत आहे.

तरी निबंधकाकडं जायचंच आहे, वेगळ्या कामासाठी. तोतया उभा करून दस्त नोंदवणं हा नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि कलम ८३ नुसार निबंधक खात्यालाही तो खटला सुरू करता येतो. म्हणून दुय्यम निबंधकांना आणि सह जिल्हा निबंधकांना मृत्यूचा दाखला जोडून लेखी तक्रार द्या. या मिळकतीवर आणखी दस्त झाला तर ‘आम्ही आधीच कळवलं होतं’ म्हणायला कागद हातात राहतो.

पोलिसांत तुम्हाला पहिलं वाक्य ऐकू येईल, ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ हद्दीवरून किंवा वाटणीवरून भांडण असतं तर ते म्हणणं बरोबर असतं. इथं वारलेल्या माणसाची सही झालीय. दस्त गेल्या महिन्यातला, म्हणजे १ जुलै २०२४ नंतरचा, त्यामुळं जुनं भारतीय दंड विधान नाही, भारतीय न्याय संहिता लागते. फसवणुकीला कलम ३१८, तोतयेगिरीला ३१९, फसवणुकीसाठी बनावट कागद करण्याला ३३६, खरेदीखतासारखा मूल्यवान दस्त बनावट करण्याला ३३८, आणि तो खरा म्हणून वापरण्याला ३४०. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ४१९, ४२०, ४६७, ४६८, ४७१ असतं, ते हेच. यातलं ३३८ सगळ्यात जड आहे, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. कलमं तुम्ही पोलिसांना शिकवायला जाऊ नका, पण अर्जाच्या शेवटी लिहून ठेवा.

गुन्हा नोंदवून घ्यायला नकार मिळाला तर वाद घालत बसायचं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. तिथंही हालचाल नाही झाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करून तपासाचा आदेश मागता येतो. गुन्हा नोंदला की प्रथम खबरीची, म्हणजे एफआयआरची, प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

आईच्या संशयाबद्दल. तिचा अंदाज बरोबरही असेल. बाबा गेलेत, नावं लागलेली नाहीत, पोरं बाहेरगावी आहेत, हे तिन्ही माहीत असणारा माणूस लांबचा नसतो. कधी नातलग, कधी प्लॉट पाडणाऱ्याकडचा जुना कारकून, कधी नुसता सात-बारे चाळत बसणारा एजंट. पण तक्रारीत ‘अनोळखी इसम’ असंच लिहा, आणि संशय का येतो ते जबाबात पोलिसांना तोंडी सांगा. आज रागानं नाव घातलं आणि उद्या ते चुकीचं निघालं, तर समोरचा वकील त्या एका वाक्यावर तुमचा सगळा अर्ज खोटा म्हणेल. शिवाय भावकी तुटते ती वेगळीच.

भावाला माझा निरोप सांगा: तालमीतली पोरं न्यायची नाहीत. कंपाउंड उपटलं की दुसऱ्या दिवशी गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. प्लॉटवर जाऊन चारी बाजूंनी फोटो काढा, व्हिडिओ करा, काकूंना कोणत्या दिवशी कोण माणसं दिसली, गाडी कुठली होती, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊन त्यांची सही घ्या. ताबा खरोखर गेला असेल तर विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून, मालकीच्या वादात न शिरता, ताबा परत मागता येतो. हे सहा महिने कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता चार लाखांचं. हा माणूस खरंच फसलेला असू शकतो, आणि तसं असेल तर मला त्याचंही वाईट वाटतं. त्यानं मुद्रांक भरलाय, कदाचित कर्ज काढलंय. पण जी वस्तू विकणाऱ्याची नव्हतीच ती घेणाऱ्याला मिळत नाही. तोतयाकडून घेतलेल्या खरेदीखतानं त्याला मालकी आलेली नाही, त्याचे पैसे त्यानं त्या तोतयाकडून आणि मध्यस्थाकडून वसूल करायचेत. त्यानं तुमच्यासमोर ठेवलेला कागद बहुतेक मान्यतेचा दस्त असणार. त्यावर तुम्ही तिघांनी सह्या केल्या की वारसांनीच व्यवहार कबूल केला असं होतं, आणि खोटा दस्त तुमच्या हातानं पक्का होतो. चार लाख काय, आज एक रुपयाही घेऊ नका, कोऱ्या मुद्रांकावर सही करू नका, ‘फक्त चर्चेसाठी’ म्हणून आईला एकटीला कुठं बोलावलं तर पाठवू नका. तो खरा असेल तर त्यालाच सांगा, ‘तुम्हीपण तक्रार द्या, आपण एका बाजूनं उभं राहू.’ खऱ्या माणसाला त्यात अडचण नसते. त्याच्या उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल.

आणि कोर्ट टळत नाही. दिवाणी दावा लावावाच लागेल, कारण फौजदारी खटल्यात तोतयाला शिक्षा झाली तरी नोंदणी दप्तरात तो दस्त तसाच उभा राहतो. दाव्यात मागायचं असं, की हा दस्त मुळातच शून्य आहे आणि आमच्यावर बंधनकारक नाही, मिळकत आमची आहे, आणि निकाल लागेपर्यंत पुढं विक्री-गहाण-बांधकाम करायला मनाई द्यावी. यातली तात्पुरती मनाई पहिल्याच तारखेला मागायची. मृत्यूचा दाखला आणि त्यानंतरच्या तारखेचा दस्त शेजारी ठेवले की न्यायाधीशांना फार समजावून सांगावं लागत नाही. दावा लागला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडं नोंदवून घ्या, म्हणजे पुढं कुणी घेणारा ‘मला वाद माहीत नव्हता’ म्हणू शकणार नाही. दस्त कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण तीन वर्षं आहेत म्हणून तीन महिनेसुद्धा थांबू नका. निकाल तुमच्या बाजूनं लागला की न्यायालय हुकूमनाम्याची प्रत निबंधकाकडं पाठवतं आणि त्या दस्तावर शेरा मारला जातो. तेव्हा तो खऱ्या अर्थानं मेला.

वकिलाच्या खर्चाची चिंता पत्रात दिसली. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आईच्या नावानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, कार्यालय न्यायसंकुलातच आहे. आणि प्रकरण वर गेलंच तर आता महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या भाऊसिंगजी रोडवरच बसतंय.

हरकतीबरोबरच वारसनोंदीचा अर्जही टाका. फोनवर तुम्ही अडखळत विचारलंत, ‘माझं नाव लावू का, की भावाचं आणि आईचं पुरे?’ बाबांनी स्वतः घेतलेली मिळकत, त्यामुळं आई, तुम्ही आणि भाऊ असे तिघांचे सारखे हिस्से, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं. तिघांची नावं लावा. पुढं कुणाला हक्क सोडायचा असेल तर तो दस्त करून सोडता येतो, आज गप्प राहून सोडायचा नसतो. आणि खोट्या दस्ताविरुद्ध लढताना तीन वारस एकत्र दिसणं फार उपयोगी पडतं. आधार कार्डाच्या मायआधार पोर्टलवर कुटुंबातल्या मृत्यूची माहिती देता येते, ती बाबांसाठी द्या.

बाकीच्या वाचकांनी आजच्या आज घरातला सात-बारा किंवा शहरात असाल तर मिळकत पत्रिका काढून बघावी. त्यावर वारलेल्या आजोबांचं, वडलांचं नाव असेल तर या महिन्यात वारसनोंद करून टाका. गावातले प्रलंबित फेरफार ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, दोन-तीन महिन्यांतून एकदा नजर टाका. आणि शेजारच्या प्लॉटवाल्यांकडं आपला फोन नंबर असू द्या. ताई, तुमच्या बाबतीत कुठलंही ॲप उपयोगी पडलं नाही, काकू पडल्या.

शेवटी आईचं म्हणणं. नक्कल मिळाली की ती आधी तिला दाखवा. वकील, पोलीस, तलाठी नंतर. तो फोटो बघून तिला त्रास होईल, जवळ बसा, पाणी जवळ ठेवा. पण हा माणूस कोण नव्हे, हे शपथेवर सांगू शकेल अशी तिच्याइतकी भक्कम साक्षीदार तुमच्याकडं दुसरी नाही. पोलिसांत जबाबाला तिला सोबत न्या आणि तिचं बोलणं तुम्ही सुधारून सांगू नका. ‘हे आमचे मालक न्हवंत’ असं ती तिच्या बोलीत म्हणाली, तर जबाबात तेच वाक्य तसंच लिहून घ्यायला सांगा, वाचून दाखवायला सांगा, आणि मगच तिची सही होऊ द्या.